ऐनातले खिळे

गेल्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला माझीच गोष्ट सांगितली. मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. संगमेश्वराच्या वरच्या अंगाला एका गावात कोणा मेस्त्र्याने यंत्राच्या करवतीला घरगुती चौकट जोडून ऐनाच्या झाडाचा सोट चिरायला घेतला. चौकट मोडली, मेस्त्र्याच्या मेहुण्याचा पाय गेला आणि झाडात बांधलेले भूत सुटले, अशी ती गोष्ट. मी एवढेच विचारले, "आपण तिथे होता का?" ते म्हणाले, "नव्हतो, पण सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत असलेल्या त्या गोष्टीत ऐन तेवढा खरा आहे. चौकट मोडली नाही. मेहुण्याचा पाय शाबूत आहे. त्याच पायाने तो आजही माझ्या दारात येतो आणि चौकट त्याने परदेशात पाहून मला सुचवली, असे माझ्यासमोर माझ्याच नातवंडांना सांगतो. तेही खोटे आहे. मी हयात आहे आणि माझी स्मरणशक्तीही शाबूत आहे, तोवर जे घडले ते लिहून ठेवतो.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षे झाली होती. रत्नागिरीत बंदराच्या रस्त्यावर माझे लेथ आणि वेल्डिंगचे दुकान होते. मच्छीमार होड्यांची इंजिने, पंख्याचे दांडे, नांगर ओढायचे रहाट ही माझी कामे. मेहुणा बोटीवर नोकरीला होता. त्या वर्षी सुटीवर येताना त्याने एक जुनी साखळी-करवत आणली. पेट्रोलवर चालणारे इंजिन, पुढे तीन फुटी पोलादी पट्टी, आणि पट्टीच्या कडेने फिरणारी दातेरी साखळी. कुठल्याशा बंदरावर त्याने ती घेतली होती. साखळ्या दोन होत्या, एक चढवलेली आणि एक राखीव. तिसरी हवी तर मुंबईतही मिळेल की नाही, याची खात्री नव्हती.

ह्या करवतीने झाड आडवे कापता येते. उभे चिरायचे म्हटले की ती वाट सोडते. हातात धरून तीस फूट लांबीचा सोट एका पातळीत चिरणे मनुष्याच्या मनगटाला शक्य नाही. त्यामुळे मेहुण्याने ती आणून माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात टेकवली आणि चार महिने तिच्यावर गोणपाट पडून राहिले.

ते गोणपाट निघाले एका नाखव्यामुळे. नाखवा म्हणजे होडीचा मालक. ह्याची होडी माझ्याच हाताखालून दरवर्षी जाई. त्या वर्षी शिमग्याच्या आधी होडी खडकावर बसली आणि तिचा कणा, म्हणजे तळाशी पुढून मागे जाणारे ते एकसंध लाकूड, तडकला. कणा बदलला तर होडी राहणार, नाहीतर तिची फळकुटे होणार. होडीवर सहा घरे जेवत होती. नवा कणा सव्वीस फूट लांब, दहा इंच उंच, आठ इंच रुंद, तोही एका लाकडाचा हवा. जोड चालत नाही. नाखवा दोन महिने रानोरान हिंडला आणि त्याला संगमेश्वराच्या वरच्या गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शिवेवर सरळसोट ऐन मिळाला. तोडीचा परवाना एका झाडाचा मिळाला. दुसरे झाडही नव्हते आणि दुसरा परवानाही नव्हता.

झाड पाडले तेव्हा अडचण कळली. ऐन पडला तो दगडी बांधांच्या उतारावर. लॉरीचा रस्ता वर, डोंगराच्या खांद्यावर. पूर्ण सोट माणसांना उचलेना. चिरून चौकोनी कणा काढला तर बारा-चौदा माणसे खांद्यावर घेऊन जातील. हाताने आरा ओढून लाकूड चिरणारी जुनी जोडी होती, पण त्यांपैकी एकाच्या छातीने दगा दिला होता. तालुक्याच्या गावातल्या वखारीत चिरायचे यंत्र होते, पण लाकूड सरकवणारी त्याची गाडी अठरा फुटांच्या पुढे जात नव्हती. मृग तीन आठवड्यांवर आला होता. त्यानंतर त्या रस्त्यावर लॉरी चढत नाही.

नाखवा दुकानात आला, बाकावर बसला आणि गोणपाटाकडे बघत म्हणाला, "मेस्त्री, त्याच्यानं होईल?"

मी म्हणालो, "त्याच्यानं होणार नाही. त्याला मी जे जोडीन, त्यानं होईल."

आता चौकटीविषयी. पट्टीच्या दोन्ही टोकांना चाप बसवून त्यांवर दोन समांतर नळ्या घेतल्या. चाप खालीवर सरकवून किती जाड फळी निघावी ते ठरवता येई. पहिल्या कापासाठी सोटावर टेकायला सपाट काही नसते, म्हणून लोखंडी अँगलची बत्तीस फुटी शिडी केली, चार तुकड्यांत, बोल्टने जोडायची. शिडी सोटावर पाणसळीने सपाट बसवायची आणि नळ्या तिच्यावरून घसरत न्यायच्या. साखळीचे दात आडव्या कापासाठी तिरपे घासलेले होते. ते मी दोन दिवस कानशीने जवळजवळ सरळ केले, कारण उभ्या रेषांत तिरपा दात नुसता भुसा उडवतो, पुढे जात नाही. पट्टीच्या टोकाशी तेल पोहोचत नाही आणि ऐन तर दगडासारखा, म्हणून दवाखान्यातून सलाइनची रिकामी बाटली नि नळी आणून टोकाशी तेलाचा थेंब थेंब लावला. ह्यातले काय मेहुण्याने परदेशात पाहिले होते, हे त्याने सांगावे. सलाइनची बाटली तरी नक्कीच नाही.

शेवटची वस्तू म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा. तो वाकवून इंजिनाच्या बाजूला, करवत धरणाऱ्याच्या पायांपुढे, ढालीसारखा वेल्ड केला. होडीवर ताणलेला दोर तुटला की त्याचे टोक कसे मागे येते ते मी पाहिले होते. साखळी तुटली तर तीही तशीच येणार.

मेहुणा म्हणाला, "भावोजी, हे चार किलोचं लोढणं कशाला? तिकडे असलं कोणी लावत नाही."

"तिकडच्या लोकांना पायांची किंमत नसेल. तुझी बहीण माझ्या घरात आहे. मला उत्तर द्यावं लागेल."

गावात आम्ही तिघे पोहोचलो: मी, मेहुणा आणि नाखवा. सोट फिरवायला गावातली सात माणसे पहारी घेऊन आली. झाडाचा मालक तो म्हातारा शेतकरी बांधावर बसला होता, हातात पानाची चंची. मी त्याच्याजवळ जाऊन रीतीप्रमाणे विचारले, "बाबा, झाडात लोखंड काही? खिळा, तार, दावं बांधायची कडी?"

त्याने पान चघळत सोटाकडे पाहिले आणि म्हणाला, "नाय."

सातही माणसे माझ्याकडे न बघता पहारींकडे बघू लागली. ते मी पाहिले. त्याचा अर्थ त्या क्षणी लागला नाही, एवढे प्रामाणिकपणे लिहितो.

तालुक्याच्या वखारीचा मालकही मजा बघायला आला होता. त्याने शिडीवर पाय ठेवला, चौकट हलवून पाहिली आणि नाखव्याला म्हणाला, "कणा नाय झाला तर तुकडे माझ्याकडं आणा हो. जळाऊ म्हणून घेतो." माणसे हसली. नाखवा हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत थांबा. तुम्हाला भुसा भेट देतो."

पहिला काप सकाळभर चालला. इंजिनाकडची बाजू मेहुण्याने धरली, टोकाची मी. दर सहा फुटांवर थांबून दात घासायचे, मागच्या चिरेत पाचर मारत जायचे, म्हणजे चीर मिटून पट्टीला चावत नाही. सालीसकटची वरची फळी सुटून बाजूला पडली तेव्हा सोटाचा माथा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका पातळीत दिसला. मी त्यावर दोरी ताणून दाखवली. वखारवाल्याने वाकून दोरीखाली नजर घातली.

ह्याच वेळी मी ती गोष्ट पाहिली, जिची दखल कोणाच्याही कथेत नाही. बुंध्यापासून साडेतीन फुटांवर, चिरलेल्या माथ्याच्या कडेला, हातभर लांबीचा निळसर काळा डाग होता. शाई सांडल्यासारखा.

नाखव्याने विचारले, "हे काळं काय?"

"पाणी मुरलंय," मी म्हणालो.

होड्यांच्या जुन्या फळ्यांतून मी शेकडो खिळे उपसले आहेत. ऐनात लोखंड राहिले की त्याच्याभोवती लाकूड तस्सेच काळे पडते. दुसऱ्या कोणाला न कळले तरी मला कळायला हवे होते, आणि मला कळले होते. बुंध्याकडचे चार फूट शेवटी तोडायचेच होते; सोट तीस फुटांचा आणि कणा सव्वीसचा. ते चार फूट तिथल्या तिथे आडवे कापून टाकले असते तर काम संपले असते. पण उन्हात टोके फाटतात म्हणून लांबी राखायची, असे मी सकाळी मोठ्या आवाजात सर्वांना समजावून सांगितले होते. आणि वखारवाला तीन हातांवर उभा होता. मी डागाकडे पाहिले आणि माणसांना सोट फिरवायला सांगितले.

दुसरा काप सुरू झाला. तीन फूट करवत लोण्यातून जावी तशी गेली. पुढच्या अर्ध्या फुटावर पट्टीखालून ठिणग्यांचा झोत आला, बंदुकीसारखा आवाज झाला, चौकट माझ्या हातांत वर उसळली आणि इंजिन एकदम मोकळे किंचाळू लागले. मी हात लांब करून ते बंद केले. मेहुणा खाली बसला होता. साखळी तुटून मागे आली होती ती स्प्रिंगच्या पाट्यावर. पाट्याला बोटभर खोल खळगा पडला होता आणि साखळी तिथेच गुंडाळून पडली होती. एका दाताचा तुकडा उडून मेहुण्याच्या पोटरीत घुसला होता. चार टाके पडले. पाटा नसता तर कथा सांगणाऱ्यांची कथा खरी झाली असती. चौकटीचा एक वेल्ड उचकला नव्हता, एक बोल्ट सैल झाला नव्हता. ज्याला संशय असेल त्याने येऊन बघावे. ती अजून माझ्याकडे आहे.

सातांपैकी कोणीतरी हलकेच म्हणाले, "सुटलं."

त्या एका शब्दानंतर पहारी जमिनीवर ठेवल्या गेल्या. दोघांनी मेहुण्याला उचलून रस्त्यावर नेले. वखारवाल्याने, त्याचे श्रेय मी नाकारत नाही, आपल्या जीपमधून त्याला डॉक्टरकडे पोहोचवले. बाकीचे पाच जण चढ चढून रस्त्याच्या कडेला जाऊन बसले. खाली उरलो मी, नाखवा आणि तो म्हातारा.

चिरेत वाकून पाहिले. लोहाराच्या हातचा चौकोनी खिळा, पाच बोटे लांब, अर्धा कापलेला. आमच्या भागात ही चाल होती. अपमृत्यू झालेले माणूस घराला त्रास देऊ लागले की भगत त्याला शिवेवरच्या झाडाशी नेऊन खिळ्याने ठोकतो. त्यानंतर त्या खिळ्याविषयी झाडासमोर बोलायचे नाही. बोलले की बांधलेले सुटते. म्हाताऱ्याने मला फसवले नव्हते. त्या जागी त्याला 'हाय' म्हणता येत नव्हते, आणि झाड पाडले तरी ते झाडच होते.

यंत्राला भूत लागले असे जे सांगतात, त्यांना माझे उत्तर आहे की यंत्राला खिळा लागला, आणि खिळा आहे हे मला तो काप सुरू होण्याआधीच कळले होते.

पण त्या घटकेला हातात एक साखळी उरली होती. मी हिशेब मांडला तो लाकडाचा. खिळा ठोकणारा जमिनीवर उभा असतो. झाड शेंड्याकडे वाढते, खिळा ठोकला त्याच उंचीवर राहतो. तेव्हा असतील ते खिळे बुंध्याकडच्या सहा-साडेसहा फुटांत. त्यांतले चार फूट टाकता येतील. वरचे अडीच फूट कण्यातच राहणार, कारण तीस फुटांच्या पुढे सोटाला फाटा होता. त्या अडीच फुटांत एक जरी खिळा असला तरी राखीव साखळी जाणार, आणि तिच्याबरोबर कणा, होडी आणि मोसम.

मी म्हाताऱ्यासमोर बसलो. "बाबा, अजून किती?"

"कशाचं किती?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"मेस्त्री, हितं नको बोलू."

"मग वर रस्त्यावर चला. तिथे बोला."

"हितलं तितं नेऊन बोललं तरी तेच. गप ऱ्हा."

नाखवा तोवर उभा होता. तो पुढे आला आणि म्हाताऱ्याच्या शेजारी बांधावर बसला. त्याने खिशातून तंबाखू काढून पुढे केली. म्हाताऱ्याने घेतली नाही. नाखवा म्हणाला, "बाबा, मी दर्यावरचा माणूस. आमच्याकडंपण बोलायचं नाय अशा गोष्टी आहेत. मी तुम्हाला बोला म्हणत नाय. माझ्या होडीवर सहा जण आहेत, एवढंच सांगतो."

मग म्हाताऱ्याने चंची उघडली. पानाला लावायचा चुना अंगठ्यावर घेतला, उठला, सोटाच्या बुंध्याशी गेला. मोडलेल्या खिळ्याच्या पलीकडच्या अंगाला, बुंध्यापासून तीन फुटांवर, सालीवर एक बोट ओढले. मग चालत पुढे आला. साडेपाच फुटांवर उभा राहिला. अंगठा पुढे केला, मागे घेतला. पुन्हा चुना घेतला, खरे तर अंगठ्यावर पुरेसा होता. शेवटी ती पांढरी रेघ त्याने ओढली आणि तोंड फिरवून खाली बसला. एक शब्द त्याने उच्चारला नव्हता.

रस्त्यावरची माणसे हे बघत होती. म्हाताऱ्याने स्वतः वाकून पहार उचलली तेव्हा ती उतरून खाली आली. कोणी कोणाला बोलावले नाही.

बुंध्याचे चार फूट मी आडव्या हातकरवतीने कापून काढले, राखीव साखळी त्यात घालवली नाही. दोन खिळे त्या ओंडक्यात गेले. तिसरा कण्यात होता. मी पटाशीने साल आणि लाकूड खोदत गेलो. तीन इंचांवर काळे लाकूड लागले, मग खिळ्याचे डोके. त्याला चिमट्याने धरून, चिमट्याला नळी लावून, नाखवा आणि मी दोघांनी ओढले. आत तुटला असता तर सारे संपले असते. तो इंच इंच कुरकुरत आला आणि अख्खा आला.

म्हाताऱ्याने तळहात पुढे केला. मी खिळा त्यावर ठेवला. त्याने तो धोतराच्या सोग्यात बांधला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहून म्हणाला, "माजी आवस. मी पाळण्यात होतो." तो चढ चढून गेला. बाळंतपणात गेलेल्या आपल्या आईचा तो खिळा त्याने पुढे काय केला, हे मला माहीत नाही. नदीत सोडला म्हणतात, घरी पुजला म्हणतात. मी पाहिलेले नाही, म्हणून लिहीत नाही. होडीत भूत ठोकलेले आहे, असे बंदरावर सांगणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावे की खिळा त्या होडीच्या वाटेला कधी गेलाच नाही.

उरलेले काप दुसऱ्या दिवशी झाले. मेहुणा पोटरीला पट्टी बांधून परत आला होता. मी नको म्हटले तरी त्याने इंजिनाची बाजू सोडली नाही. हा त्याचा मान मी कधीही नाकारलेला नाही. पाट्यामागे पाय ठेवून उभा राहिला, आणि लोढणे हा शब्द पुन्हा काढला नाही. प्रत्येक फुटाला माझे कान पट्टीकडे होते. लाकडाचा सूर बदलला की मी हात वर करी, दोघे थांबत असू, आणि मी चिरेत वाकून पाही. कुठे गाठ असे, कुठे काहीच नसे. चौथी फळी पडली तेव्हा साखळीला दात म्हणण्यासारखे फार थोडे उरले होते.

कणा उघडा पडला होता. सव्वीस फूट, चारही कडा सरळ. मागच्या टोकापासून दीड फुटावर खिळ्याचा खड्डा, अडीच इंच खोल, भोवती काळे.

नाखव्याने पुढच्या टोकापासून हात फिरवत यायला सुरुवात केली. खड्ड्याशी हात थांबला. त्याने बोट आत घालून पाहिले. मग तो मला म्हणाला, "मेस्त्री, ह्याच्यावर माझी माणसं बसणार. एक विचारतो. काल ते काळं दिसलं, तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

मेहुणा ऐकत होता. माणसे ऐकत होती. पाणी मुरल्याचा जबाब माझ्या तोंडात तयार होता आणि तो खोडणारे तिथे कोणी नव्हते.

मी म्हणालो, "कळलं होतं."

नाखव्याने बोट बाहेर काढले आणि पंच्याला पुसले. "मग ह्या लाकडात आणखी कुठं काय दिसलं असेल तर आता सांगा."

"आणखी काही नाही."

"बघून सांगा."

मी बघितले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चारही बाजू, गुडघ्यांवर सरकत. माणसांना कणा चार वेळा फिरवायला लावला. कोणी कुरकुरले नाही. शेवटी उठून मी म्हणालो, "काही नाही. खड्ड्याच्या भोवतीचं काळं पाऊण इंचावर संपतं. लाकूड निरोगी आहे."

"तर हे भोक तुम्ही बुजवा," नाखवा म्हणाला. "माझ्या सुतारांना सांगणार नाय. तुमच्या हातानं."

मी पडलेल्या फळीतून, त्याच ऐनाच्या लाल लाकडातून, चौकोनी गुटका काढला. खड्डा पटाशीने चौकोनी केला, काळे सारे खरवडून काढले. गुटका तीन वेळा घासून बसवून पाहिला. चौथ्यांदा तो हातोडीशिवाय आत जाईना, तेव्हा ठोकला. वरून रंधा मारला. नाखवा वाकून बघत राहिला. अंगठ्याच्या नखाने त्याने सांधा चाचपला, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या.

मग तो टोकाशी गेला, पंच्याची चुंबळ करून खांद्यावर ठेवली, आणि माणसांना म्हणाला, "चला, घ्या वर. गुटक्याचं टोक माझ्याकडं."